वीर एकटा, गुन्हेगार अख्खी जात

दरवर्षी ७ सप्टेंबरला महाराष्ट्रात उमाजी नाईक यांची जयंती साजरी होते. कार्यालयांत त्यांच्या प्रतिमेला हार घालतात, आद्य क्रांतिवीर म्हणून भाषणं होतात. उमाजी ज्या रामोशी समाजात जन्मले, तो समाज राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. इंग्रजी राजवटीत कायद्याने ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या आणि स्वातंत्र्यानंतर त्या कायद्यातून सुटलेल्या जातींना आपण विमुक्त म्हणतो. म्हणजे एकाच कुळातला एक जण पूजेला लागला आणि बाकीचे पिढ्यान्‌पिढ्या पोलीस चौकीवर हजेरीला लागले.

समाज कुणाला वीर म्हणतो आणि कुणाला राक्षस, याचं उत्तर बहुतेक वेळा माणसाच्या करणीत शोधलं जातं. चांगलं केलं तर वीर, वाईट केलं तर राक्षस. मला हे उत्तर अपुरं वाटतं. करणीला महत्त्व आहेच, पण त्या करणीची नोंद कुणी केली, तिने कुणाचं नुकसान झालं आणि शिक्का एका माणसावर बसला की त्याच्या जन्मावर, यावर निकाल ठरत आलेला आहे. आपल्याच मुलखातल्या उदाहरणांवरून हे नीट समजून घेता येतं.

उमाजी नाईक: एका आयुष्यात किती शिक्के

उमाजींचा जन्म १७९१ साली पुरंदरच्या पायथ्याजवळच्या भिवडी गावात झाला. आडनाव खोमणे. वडील दादोजी पुरंदर किल्ल्याच्या रखवालीवर होते. किल्ल्याची राखण करणाऱ्या घरातला मुलगा म्हणजे त्या काळच्या व्यवस्थेत विश्वासाचा माणूस.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि पुढच्या दहा वर्षांत हाच माणूस कंपनी सरकारच्या कागदात दरोडेखोर झाला. तुरुंगात गेले, तिथे लिहायला-वाचायला शिकले असं सांगतात. सुटल्यावर पुन्हा डोंगरात गेले, टोळी मोठी केली, सावकार आणि सरकारी खजिना लुटला. सरकारने त्यांच्यावर मोठं इनाम लावलं. भोरच्या पंत सचिवांच्या मुलखातली काही गावं तर आपला सारा सरकारऐवजी रामोशांकडे भरू लागली. तेव्हा मात्र सरकारला दुसरा विचार करावा लागला. उमाजींना माफी मिळाली, जमीन मिळाली, आणि मुलखाचा बंदोबस्त राखण्याचं काम पगारावर त्यांच्याकडे आलं. कालचा दरोडेखोर आज सरकारी नोकर.

ते फार काळ टिकलं नाही. उमाजी पुन्हा उठले, १८३१ मध्ये इंग्रजांविरुद्ध जाहीरनामा काढला, त्याच वर्षाच्या शेवटी फितुरीने पकडले गेले आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फासावर गेले. दहशत बसावी म्हणून प्रेत पिंपळाला टांगून ठेवलं होतं, असं सांगितलं जातं. आज रामोशी-बेडर समाजासाठी सरकारने काढलेल्या आर्थिक विकास महामंडळाला ‘राजे उमाजी नाईक’ असं त्यांचंच नाव आहे.

रखवालदार, दरोडेखोर, सरकारी नोकर, पुन्हा दरोडेखोर आणि शेवटी राजे. माणूस एकच होता. त्याच्याकडे पाहणाऱ्याची गरज मात्र दर वेळी वेगळी होती.

रखवालदाराचा दरोडेखोर कसा होतो

इथे थोडं थांबून जुनी रीत पाहावी लागेल, कारण सगळी गोम तिथे आहे.

मराठी गावात रात्रीची राखण रामोशांकडे असे. काही भागांत हे काम महार, मांग, भिल्ल किंवा कोळी करत. गावात चोरी झाली तर रामोशाने चोराचा माग काढायचा. पावलांचे ठसे ओळखत शिवेपर्यंत जायचं आणि माग शेजारच्या गावात शिरला की तो त्या गावच्या रखवालदाराच्या हवाली करायचा. माग लागला नाही, तर नुकसान भरून देण्याची जबाबदारीही त्याच्यावरच येई. या कामाच्या बदल्यात सुगीला धान्याचा वाटा, कुठे इनाम जमिनीचा तुकडा, किल्ल्यावर असला तर नेमणूक. म्हणजे गावची चोरी ओळखण्याची विद्या त्याच्याकडे असणं हीच त्याची लायकी होती.

कंपनी सरकारने डोंगरी किल्ले मोडीत काढले, तिथल्या शिबंदीला घरी पाठवलं आणि गावच्या रखवालीच्या जागी हळूहळू आपले पोलीस आणले. पुरंदरच्या रखवालीवरून पेशवाईच्या उत्तरार्धातच तंटे सुरू झाले होते. आता तर हक्कच उरला नाही. त्यात १८२४-२५ च्या सुमारास पुणे भागात पावसाने ओढ दिली. हातात शस्त्र चालवण्याची सवय, डोंगरवाटांची खडान्‌खडा माहिती आणि घरात दाणा नाही, अशा माणसांची एक फौजच सरकारने आपल्या हाताने डोंगरात पाठवली.

एक गोष्ट तर विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. रामोशी ही चोरांची जात आहे असं कागदावर लिहिणारे साहेब पुण्याच्या छावणीत आपल्या बंगल्याच्या राखणीला रामोशीच ठेवत. रामोशी पहारेकरी असलेल्या घराकडे चोर फिरकत नाही, असा सगळ्यांचा अनुभव होता. दारात रखवालदार आणि दप्तरात चोर, अशी ही दुहेरी नोंद कितीतरी वर्षं चालली आणि तिच्यात कुणाला विसंगती दिसली नाही.

लिहिणारा कोण होता

उमाजींच्या आयुष्याची जी सविस्तर माहिती आज उपलब्ध आहे, तिचा मोठा भाग एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याकडून आलेला आहे. कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश हा उमाजींना पकडण्याच्या मोहिमेवरचा अधिकारी. त्याने रामोशी समाजाची उत्पत्ती आणि त्यांच्या नाईकाचं चरित्र सांगणारं पुस्तक लिहिलं. ते १८३३ मध्ये, म्हणजे फाशीनंतर लगेच, मुंबईत छापलं गेलं.

मॅकिंटॉशला दोष देऊन भागणार नाही. त्याने मेहनतीने माहिती गोळा केली, आणि उमाजींच्या हिकमतीची दखलही त्या पुस्तकात आहे. पण पकडणाऱ्याने पकडलेल्याचं चरित्र लिहावं आणि पुढच्या गॅझेटियरांनी तोच मजकूर उचलत जावा, म्हणजे काय होतं ते पाहा. एका बंडाची हकिगत एका जातीच्या स्वभावाची हकिगत बनते. पुस्तकाच्या नावातच जात आधी येते आणि माणूस नंतर.

शिवाजी महाराजांचा उल्लेखही सुरतेच्या इंग्रज वखारीच्या पत्रांत बंडखोर म्हणूनच येतो. फरक इतकाच की महाराजांच्या बाजूने बखरी होत्या, पोवाडे होते आणि स्वतःचं राज्य होतं. राज्य असलं की आपली वही आपल्याला ठेवता येते. रामोशांकडे ती नव्हती.

ठगांच्या खटल्यांतून पडलेला पायंडा

उमाजींच्या फाशीनंतर चारच वर्षांनी, १८३६ मध्ये, कंपनी सरकारने ठगीविरुद्ध कायदा केला. वाटसरूंना फासाने मारणाऱ्या टोळ्या होत्या, खून झाले होते, त्यात शंका नाही. पण या कायद्याने न्यायाची एक जुनी अट काढून टाकली. अमुक खून अमुक माणसाने केला हे सिद्ध करण्याची गरज राहिली नाही. तो ठगांच्या टोळीतला आहे एवढं ठरलं की जन्मठेप.

आणि तो टोळीतला आहे हे ठरवायचं कशावरून? मुख्यतः माफीच्या साक्षीदारांवरून. विल्यम स्लीमन या अधिकाऱ्याने पकडलेल्या ठगांकडून जबान्या घेतल्या आणि त्यांच्या घराण्यांच्या वंशावळी मांडल्या. फाशी चुकवण्यासाठी बोलणारा माणूस समोरच्याला हवं तेवढं बोलतो, हे कुठल्याही वकिलाला कळतं. तरीही त्या वंशावळींतून एक कल्पना सरकारी डोक्यात पक्की बसली: या देशात गुन्हा हा बापाकडून मुलाकडे येणारा धंदा आहे.

ती कल्पना लोकप्रिय करण्याचं काम फिलिप मेडोज टेलरच्या १८३९ च्या कादंबरीने केलं. ठगाच्या तोंडून सांगितलेली ही गोष्ट इंग्लंडात प्रचंड खपली. टेलर निजामाच्या नोकरीत होता, पुढे नळदुर्गलाही राहिला. हजारो मैलांवरच्या वाचकाला हिंदुस्थान म्हणजे वाटेवर टपून बसलेला ठग एवढंच दिसलं. राक्षस घडवायला भीती लागते आणि ती पसरवायला चांगला गोष्ट सांगणारा लागतो. इथे दोन्ही मिळाले.

१८७१ चा कायदा काय म्हणत होता

१८७१ चा ‘क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट’ याच वाटेवरचा पुढचा टप्पा. एखादी टोळी, जमात किंवा वर्ग सराईतपणे गुन्हे करतो असं प्रांतिक सरकारला वाटलं, तर वरच्या मंजुरीने त्या अख्ख्या जमातीला ‘गुन्हेगार जमात’ जाहीर करता येई. एकदा जाहीर झालं की त्या घोषणेला कुठल्याही न्यायालयात आव्हान देता येत नव्हतं. पुरावा, साक्ष, बचाव यांपैकी काही नाही.

त्यानंतर नावं नोंदवायची, ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, गावाबाहेर जायचं तर पास घ्यायचा. पासाशिवाय सापडलेल्याला वॉरंटाविना अटक. नियम मोडला तर कैद, दंड, फटके. गावच्या मुखियाने आणि चौकीदाराने अशा माणसांच्या हालचाली कळवायच्या, नाही कळवल्या तर शिक्षा त्याला. याच कायद्याच्या दुसऱ्या भागात तृतीयपंथीयांची नोंदवही ठेवण्याची तरतूद होती, हे फार कमी जणांना माहीत असतं. चोरी आणि तृतीयपंथीयांचं जगणं एकाच कायद्यात बसवणाऱ्यांना नेमकी कशाची भीती वाटत होती, हे यावरून उघड दिसतं. ज्याचा पत्ता, धंदा किंवा देह आपल्या चौकटीत बसत नाही, तो संशयित.

सुरुवातीला कायदा उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, पुढे बंगालमध्ये, आणि १९११ च्या सुधारित कायद्याने मुंबई, मद्राससह सगळीकडे. तोवर बोटांचे ठसे घेण्याचं तंत्रही आलं होतं, तेही त्यात घालण्यात आलं. १८९७ च्या दुरुस्तीने तर चार वर्षांपासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं आईबापांपासून वेगळी काढून सुधारगृहात ठेवण्याची मुभा सरकारला दिली. चार वर्षांचं मूल. त्याने कोणता गुन्हा केला असेल?

यादीत कोण कोण आलं ते पाहिलं की कारणं स्पष्ट होतात. बंजारे बैलांच्या तांड्यांवरून धान्य आणि मीठ वाहत, फौजांना रसद पुरवत. रेल्वे आली आणि त्यांचा धंदा बसला, पण फिरणं लगेच थांबलं नाही. फिरणारा माणूस कर भरत नाही आणि सापडत नाही. पारधी शिकारीवर जगत. १८७८ च्या वन कायद्याने जंगल सरकारी झालं. स्वतंत्र भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांची शिकार गुन्हा ठरवली. वन्यप्राणी वाचायलाच हवेत, पण शिकारीवर जगणाऱ्याने उद्यापासून काय करावं, याची तजवीज त्याच ताकदीने कुणी केली नाही. कैकाडी, वडार, कंजारभाट, बेरड, छप्परबंद, प्रत्येकाची हकिगत थोडी वेगळी आहे आणि शेवट सारखाच.

तारेच्या आतलं जगणं

मुंबई इलाख्यात या जमातींना ठेवण्यासाठी ‘सेटलमेंट’ उभ्या राहिल्या. विजापूर, हुबळी, गदग, सोलापूर अशा ठिकाणी. सोलापूरची सेटलमेंट सर्वांत जास्त लक्षात राहिली, कारण तिथल्या माणसांना थेट कापड गिरण्यांत कामाला लावलं गेलं. काटेरी तारेचं कुंपण, आत वस्ती, हजेरी घेऊन गिरणीत जायचं आणि पाळी संपली की हजेरी देऊन परत आत.

या व्यवस्थेमागे ओ. एच. बी. स्टार्ट हा मुलकी अधिकारी होता. त्याचा हेतू माणसं सुधारण्याचा होता आणि काही घरांना तिथे पक्की मजुरी आणि मुलांना शाळाही मिळाली, हे मान्य करायला हवं. १९२८ साली मागास जाती आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या ज्या समितीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर सदस्य होते, तिचा अध्यक्ष हाच स्टार्ट. पण ज्या गिरणीला रोज ठरलेल्या वेळी येणारे आणि काम सोडून जाऊ न शकणारे मजूर हवे असतात, तिच्यासाठी तारेआडची वस्ती ही सोय होती. सुधारणेचं नाव आणि स्वस्त मजुरीची सोय एकत्र आली की सुधारणा कधी पूर्ण होत नाही, कारण ती पूर्ण झाली तर मजूर मोकळा होतो.

सोलापुरातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘सेटलमेंट’ हे आजही ठिकाणाचं नाव आहे. पत्ता सांगताना ते नाव घ्यावं लागणाऱ्या मुलाकडे नोकरी देणारा कसा पाहत असेल, याची कल्पना करणं कठीण नाही.

फडके आणि त्यांच्यासोबतचे रामोशी

१८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांनी बंड केलं. शिरढोणचा हा तरुण पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होता. दुष्काळात लोक मरताना पाहिले आणि पेटून उठला. शहरातल्या सुशिक्षितांनी साथ दिली नाही, तेव्हा फडक्यांनी रामोशी, कोळी, धनगर, मांग यांना हाताशी घेतलं. फेब्रुवारीत शिरूर तालुक्यातल्या धामारीवर पहिला छापा पडला. मे महिन्यात त्यांचे रामोशी नाईक दौलतराव मेजर डॅनियलच्या तुकडीशी लढताना मारले गेले. जुलैमध्ये फडके विजापूरकडच्या भागात पकडले गेले, पुण्यात खटला चालला, सार्वजनिक काका वकील म्हणून त्यांच्या बाजूने उभे राहिले. काळ्या पाण्याची शिक्षा होऊन ते एडनला गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच वारले.

फडक्यांचं मोठेपण मी तसूभरही कमी करत नाही. दैनंदिनी आणि आत्मवृत्त त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं. सरकारने ते पुरावा म्हणून न्यायालयात वापरलं, आणि त्याच कागदांनी पुढच्या पिढ्यांना सांगितलं की हा दरोडेखोर कशासाठी दरोडे घालत होता. दौलतरावांनी आणि त्यांच्या माणसांनी काही लिहून ठेवलेलं नाही. तेच डोंगर, तेच छापे, त्याच गोळ्या, आणि मरण आधी त्यांना आलं. तरी शाळेच्या पुस्तकात फडके आद्य क्रांतिकारक झाले आणि त्यांच्याबरोबरचे ‘रामोशी व इतर’ राहिले. बत्तीस वर्षांनी मुंबई इलाख्यात गुन्हेगार जमातींचा कायदा आला तेव्हा तो या ‘इतरां’च्या नातवंडांना लागू झाला.

वीरपण एका माणसाच्या नावावर जमा होतं आणि अपराध अख्ख्या जातीच्या नावावर पडतो, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

लोक आपला वीर कसा निवडतात

राज्याच्या वहीशिवाय आणखी एक वही असते, ती लोकांच्या तोंडी असते. निमाड-खानदेशात तंट्या भिल्लाचं नाव अजून घेतलं जातं. त्याला ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपूरला फाशी झाली. सावकाराचं लुटून गरिबाला देणारा म्हणून तो ‘मामा’ झाला, आणि महूजवळच्या पाताळपाणी इथे त्याच्या स्थानापाशी गाडी थांबते ती त्याला मानवंदना म्हणून, असं तिथले लोक सांगतात. उत्तरेत भांतू जमातीचा सुलताना नजीबाबादच्या किल्ल्यातल्या सेटलमेंटमधून बायको-मुलाला मागे ठेवून भिंत चढून पळाला. १९२४ मध्ये त्याला फाशी झाली आणि तो नौटंकीचा नायक झाला. त्याच्या पाठलागात असलेल्या जिम कॉर्बेटने पुढे त्याच्याविषयी लिहिताना खंत व्यक्त केली की या माणसाला जन्मापासून कधी सरळ संधीच मिळाली नव्हती. पाठलाग करणाऱ्याने असं लिहावं, हे दुर्मीळ आहे.

इतिहासकार एरिक हॉब्सबॉमने १९६९ च्या पुस्तकात जगभरच्या अशा दरोडेखोरांचा एक नमुना मांडला: राज्य ज्याला गुन्हेगार समजतं, पण भोवतालचा शेतकरी ज्याला आपला समजतो. तीनच वर्षांनी अँटन ब्लॉक या डच अभ्यासकाने सिसिलीच्या अनुभवावरून त्याला हरकत घेतली. असे दरोडेखोर अनेकदा जमीनदारांच्या आश्रयाने जगतात आणि गरिबालाच धाकात ठेवतात, असं त्याचं म्हणणं. मला दोघांचंही पटतं. उमाजींनी सारा आपल्याकडे भरा म्हणून फर्मावलं तेव्हा न भरणाऱ्या गावाला जाळपोळीची भीती होतीच. पोवाड्यात ती गावं येत नाहीत. लोकांची वहीसुद्धा सगळं लिहून ठेवत नाही. वीर हवा असतो तेव्हा आपण त्याचे बळी विसरतो, आणि राक्षस हवा असतो तेव्हा त्याची भूक विसरतो.

पण लोकांची वही एक गोष्ट करते, ती राज्याची वही करत नाही. ती हरलेल्याला जागा देते. पुराणात बळी हा असुर आहे आणि तो पाताळात जातो. आपल्याकडे दिवाळीच्या पाडव्याला बाया ओवाळताना इडापिडा टळून बळीचं राज्य यावं असं मागतात, आणि शेतकऱ्याला बळीराजा म्हणतात. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’त याच धाग्यावर बोट ठेवलं आणि बळीला कष्टकऱ्यांचा राजा म्हणून मांडलं. केरळात ओणमला तोच महाबली वर्षातून एकदा प्रजेला भेटायला येतो. असुराला राजा मानण्याची ही हिंमत शेतात राबणाऱ्या माणसांनी टिकवली आहे, विद्वानांच्या आधी.

कायदा गेला, यादी राहिली

अनंतशयनम अय्यंगार समितीच्या शिफारशीनंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमातींचा कायदा देशभर रद्द झाला. म्हणून हा दिवस विमुक्त दिन. देशाला स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं झाली होती.

त्याच्या जागी राज्याराज्यांत ‘सराईत गुन्हेगार’ कायदे आले. मुंबई राज्याचा कायदा १९५९ चा. कागदावर तो व्यक्तीबद्दल बोलतो, जातीबद्दल नाही. पण ठाण्यात जुन्या याद्या होत्या, जुनी नजर होती. परिसरात चोरी झाली की पहिली गाडी पारध्यांच्या पालावर जाते, हे ज्यांनी ग्रामीण भागात पत्रकारिता किंवा सामाजिक काम केलं आहे ते सगळे जाणतात. १९९८ मध्ये पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात बुधन शबर हा खेडिया शबर जमातीचा तरुण पोलीस कोठडीत मारला गेला. लेखिका महाश्वेतादेवींनी तो प्रश्न लावून धरला, कोलकाता उच्च न्यायालयाने त्याच्या पत्नीला भरपाई द्यायला लावली. त्याच वर्षी महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी संघटना उभी केली.

लक्ष्मण गायकवाड लातूरजवळच्या धनेगावचे. त्यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याआधी लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ आलं होतं, भीमराव गस्ती यांचं ‘बेरड’ही आलं. मराठी साहित्याने या विषयात केलेलं हे काम मला सर्वांत मोलाचं वाटतं. मॅकिंटॉशच्या पुस्तकानंतर दीडशे वर्षांनी या समाजातल्या माणसांच्या हाती स्वतःची लेखणी आली, आणि त्यांनी स्वतःला वीर म्हणवून घेतलं नाही. चोरीही लिहिली, भूकही लिहिली, बापाला होणारी मारहाणही लिहिली. वाचणाऱ्याला पहिल्यांदा जातीऐवजी माणूस दिसला.

विमुक्त-भटक्यांच्या प्रश्नांसाठी नेमलेला बाळकृष्ण रेणके आयोग २००८ मध्ये आपलं काम संपवून गेला, नंतर भिकू रामजी इदाते आयोग झाला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतल्या जातिभेदावर निकाल दिला. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवरचा हा निकाल. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाका, विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानणारे तुरुंग नियम घटनाबाह्य आहेत, आणि पोलिसांनी या जमातींच्या माणसांना मनमानी अटक करू नये, असं न्यायालयाने स्पष्ट सांगितलं. तुरुंगाच्या नियमावलीत हे २०२४ पर्यंत शिल्लक होतं.

आता हातात काय आहे

महाराष्ट्रात विमुक्त जातीचा दाखला मिळवायचा तर २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांच्या आज्या-पणज्यांना एका गावात राहूच दिलं नाही, त्यांच्याकडे तो कुठून असणार? दाखला नाही म्हणून आरक्षण नाही, आरक्षण नाही म्हणून शिक्षण थांबतं, आणि रस्त्यावर दिसणारं रिकामं पोर पुन्हा संशयित ठरतं. तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत ज्यांच्या सहीने हा फेरा तुटू शकतो, त्यांनी स्थानिक चौकशी आणि पंचनाम्याचा आधार घ्यावा. शिक्षकांनी शाळा सोडल्याचे जुने दाखले शोधून द्यावेत. ही कामं छोटी दिसतात, पण एका घराचं भविष्य त्यावर अडलेलं असतं.

वर्तमानपत्रांत लिहिणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. चोरी करणाऱ्याचं नाव छापा, वय छापा, गाव छापा. ‘पारध्यांची टोळी’ असा मथळा देऊ नका. बँकेत कोट्यवधींची अफरातफर होते तेव्हा अफरातफर करणाऱ्याची जात आपण मथळ्यात देत नाही. तोच नियम पालात राहणाऱ्याला लावा. आणि येत्या ७ सप्टेंबरला उमाजी नाईकांच्या प्रतिमेला हार घालणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने त्याच दिवशी आपल्या तालुक्यातल्या एका तरी रामोशी, पारधी किंवा कैकाडी मुलाचा अडलेला जातीचा दाखला काढून द्यावा.